ग्रिप कंपनीतली माणसे आणि उत्तरेचे रान

टोरंटोत यंग स्ट्रीट आणि बे स्ट्रीट या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी टेंपरन्स स्ट्रीट नावाची एक आखूड गल्ली आहे. 1910च्या सुमारास या गल्लीत 48 क्रमांकाच्या जागेत ग्रिप लिमिटेड ही कंपनी होती. व्यंगचित्रकार जॉन विल्सन बेंगो यांनी 1873मध्ये ‘ग्रिप’ नावाचे विनोदी साप्ताहिक काढले होते; डिकन्सच्या ‘बार्नबी रज’ कादंबरीतल्या बोलक्या डोमकावळ्याचे हे नाव. साप्ताहिक पुढे बंद पडले, पण त्याच्याभोवती उभा राहिलेला छपाईचा आणि ठसे बनवण्याचा धंदा चालत राहिला. कॅटलॉग, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, माहितीपत्रके, सजावटीची अक्षरे असे सगळे तिथे तयार होई. पगार वेळेवर, काम वेळेत, आणि चित्राखाली चित्रकाराचे नाव बहुधा नाहीच.

या एका कंपनीच्या टेबलांवर थोड्या मागेपुढे कोण कोण बसले होते, ते पाहा. जे. ई. एच. मॅकडोनल्ड, टॉम थॉमसन, आर्थर लिस्मर, फ्रेड व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन, फ्रँकलिन कारमायकेल. 1920च्या मे महिन्यात टोरंटोच्या आर्ट गॅलरीत ‘ग्रुप ऑफ सेव्हन’चे पहिले प्रदर्शन भरले आणि कॅनडाच्या निसर्गचित्रणाला स्वतःचा चेहरा मिळाला. त्या सातांपैकी पाच जण ग्रिपमधून आलेले होते. सहावा, ए. वाय. जॅक्सन, मॉन्ट्रियलमध्ये लिथोग्राफीच्या कारखान्यात शिकून तयार झालेला. पोटासाठी जाहिरातीचे काम कधी करावे न लागलेला एकटा लॉरेन हॅरिस. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस कंपनीच्या घराण्यातला. आणि ज्याच्या चित्रांनी या सगळ्यांना दिशा दिली तो टॉम थॉमसन गटाच्या नावातही नाही, कारण गट जन्मण्याच्या तीन वर्षे आधीच तो गेला होता.

थॉमसनची गोष्ट सहसा सुटकेची म्हणून सांगितली जाते. कंपनीतल्या रटाळ कामात गुदमरलेला एक अबोल माणूस एके दिवशी होडी घेऊन रानात जातो आणि चित्रकार होतो. ओटावात आणि टोरंटोत त्याची चित्रे जवळून पाहिल्यावर मला ही मांडणी पटेनाशी झाली. थॉमसन रानात गेला तो हातातले डिझाइन घेऊन गेला. ते त्याच्याजवळ नसते तर त्याने रान तसे पाहिलेच नसते.

आपल्यालाही हा विषय जवळचा आहे. मुंबईत जे. जे.च्या आवारात चित्रकलेची इमारत वेगळी आणि उपयोजित कलेची वेगळी. ‘तो कमर्शियलचा’ असे म्हणताना आवाजात येणारी किंचित उतरती छटा कितीतरी जणांनी ऐकलेली असेल. ज्या दिवाळी अंकांनी मराठी घरांत चित्र पाहण्याची सवय लावली, त्यांची मुखपृष्ठे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या छपाईसाठी काम करणाऱ्या हातांतून आली, हे मात्र आपण पटकन विसरतो.

थॉमसनचा जन्म 5 ऑगस्ट 1877चा, ऑन्टारिओ प्रांतातल्या क्लेअरमॉन्टचा. तो वाढला ओवेन साउंड गावाजवळच्या लीथमध्ये, ह्यूरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागराकाठी, शेतकऱ्याच्या मोठ्या कुटुंबात. तरुणपणी त्याचे कशातच नीट बस्तान बसले नाही. लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली, ती सोडली. व्यापारी शिक्षणाच्या कॉलेजात गेला. 1901मध्ये भावाच्या मागोमाग अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेला आणि तिथे ठसे बनवणाऱ्या कंपन्यांत अक्षरे आणि जाहिराती काढू लागला. 1905च्या सुमारास टोरंटोला परतला तेव्हा त्याच्या हाताला अक्षरलेखनाचे वळण होते. चित्रकार म्हणून मात्र त्याच्याजवळ दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. 1906च्या सुमारास संध्याकाळी त्याने थोडेफार कलाशिक्षण घेतले. तेवढेच. 1909च्या सुमारास तो ग्रिपमध्ये आला, वय तिशी ओलांडलेले.

इथे त्याला मॅकडोनल्ड भेटला. थॉमसनपेक्षा चार वर्षांनी मोठा. इंग्लंडमधल्या डरॅममध्ये जन्मलेला, किशोरवयात कॅनडात आलेला, 1895पासून ग्रिपमध्ये असलेला आणि मध्ये तीनेक वर्षे लंडनच्या कार्लटन स्टुडिओत पुस्तकांची सजावट करून परतलेला. ब्रिटनमधल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचे संस्कार त्याच्यावर होते. अक्षर, किनार, वेलबुट्टी, पानाची मांडणी या गोष्टी त्याच्या लेखी हलक्या नव्हत्या. विभागाचा प्रमुख अल्बर्ट रॉब्सन हाही समजूतदार माणूस. चांगली माणसे हेरायची आणि त्यांना वाढू द्यायचे, एवढे त्याला कळत होते. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी रंगपेट्या घेऊन शहराबाहेर पडत. हंबर नदीचा काठ, लॅम्टन मिल्सचा परिसर. आपल्याकडे रविवारी पुण्यातले चित्रकार नदीकाठी किंवा मुंबईतले ससून डॉकवर ‘ऑन द स्पॉट’ करायला बसतात, तसाच हा परिपाठ. सोमवारी कामावर ती चित्रे एकमेकांना दाखवायची, बोलायचे. थॉमसनची खरी कलाशाळा ही, आणि तिचे शुल्क म्हणून आठवडाभराचे काम.

त्या कामाने हाताला काय शिकवले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तेव्हाची छपाई जस्ताच्या ठशांवर चाले. ठशासाठी काढलेल्या रेघेला मधली छटा नसते. शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून काळ्याचा आकार आणि पांढऱ्याचा आकार दोन्ही ठाम असावे लागतात. झाड काढायचे तर पाने मोजायची नाहीत, झाडाचा एकसंध आकार पकडायचा. चौकट आधी ठरलेली असते आणि तिच्या चारही कडांशी आतल्या आकारांनी काही नाते जोडावे लागते. रंग दोन किंवा तीनच मिळतात, म्हणून ते सपाट आणि शेजारी-शेजारी बोलणारे असावे लागतात. शिवाय काम उद्या सकाळी द्यायचे असते. थॉमसनने बर्न्स, किपलिंग, मेटरलिंक यांच्या ओळी सजवून लिहिलेली पाने आज संग्रहालयांत आहेत. त्यांतली अक्षरे आणि भोवतीची आर्ट नूव्हो पद्धतीची वळणदार झाडे एकाच हाताने, एकाच तालात उतरलेली दिसतात.

1912च्या मे महिन्यात तो ग्रिपमधल्याच बेन जॅक्सन या सहकाऱ्यासोबत पहिल्यांदा अल्गोंक्विन पार्कला गेला. टोरंटोच्या उत्तरेला असलेले हे राखीव रान 1893मध्ये जाहीर झालेले, आज साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे. त्याच उन्हाळ्यात विल्यम ब्रॉडहेड या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर तो आणखी पश्चिमेला मिसिसागीच्या रानात होडीने हिंडला. होडी उलटली, काढलेली बहुतेक चित्रे आणि छायाचित्रांच्या फिल्म पाण्यात गेल्या. जी वाचली ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टर जेम्स मॅक्कलम यांनी मॅकडोनल्डच्या स्टुडिओत पाहिली. हे टोरंटोतले नेत्रविशारद, स्वतः उत्तरेच्या पाण्यावर होडी हाकलेले. त्यांचे मत त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे: चित्रे काळपट होती, रंग गढूळ होते, हात आखडलेला होता, पण ती जागा मात्र खरी होती.

गढूळ रंगांपासून ‘द जॅक पाइन’ या चित्रापर्यंतचे अंतर थॉमसनने पाच वर्षांत कापले. चित्रकलेच्या इतिहासात इतकी वेगवान वाढ मला फार थोड्यांची माहीत आहे.

त्यासाठी पैसे कुठून आले, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नोकरी सोडून रंगवायला बसण्याचे स्वप्न बहुतेकांचे तिथेच अडते. 1912च्या शरदात रॉब्सन रूस अँड मॅन या कंपनीत गेला आणि थॉमसनसह काही जण त्याच्यामागे गेले. 1913च्या वसंतात थॉमसनचे ‘नॉर्दर्न लेक’ हे चित्र ऑन्टारिओ सरकारने 250 डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी मॅक्कलम यांनी त्याला आणि ए. वाय. जॅक्सनला सांगितले की नोकरीची काळजी न करता रंगवा, वर्षभराचा खर्च मी देतो. जॅक्सनने लगेच मानले; थॉमसनही तयार झाला. 1914च्या सुरुवातीला रोझडेलच्या घळीच्या काठावर चित्रकारांसाठी बांधलेली स्टुडिओ बिल्डिंग उघडली. पैसा मुख्यतः हॅरिसचा, काही मॅक्कलम यांचा. मोठ्या खिडक्या, उत्तरेचा उजेड. थॉमसन आधी जॅक्सनसोबत, मग कारमायकेलसोबत तिथे राहिला, पण तिथले माफक भाडेही त्याला जड जाऊ लागल्यावर इमारतीमागच्या एका लाकडी खोपटात गेला. भाडे महिना एक डॉलर. ते खोपटे 1962मध्ये उचलून क्लाइनबर्गच्या मॅकमायकेल संग्रहालयाच्या आवारात नेले. मी तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले ते आतल्या जागेचे माप. ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’ ही दोन्ही मोठी चित्रे 1916–17च्या हिवाळ्यात या खोलीत रंगली, आणि त्यांपासून चार पावले मागे सरायलाही इथे पुरेशी जागा नव्हती.

त्याचे वर्ष असे चाले. बर्फ वितळू लागले की अल्गोंक्विन. तिथे कॅनू लेकच्या काठी मोवॅट लॉजमध्ये किंवा तंबूत मुक्काम, होडीने भटकंती, मासेमारी, कधी वाटाड्याचे काम; 1916च्या उन्हाळ्यात वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या रक्षकाची नोकरी. आणि सतत छोट्या लाकडी फळ्यांवर तैलरंगात चित्रे. फळी साधारण साडेआठ बाय साडेदहा इंच, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडी लहान. रंगपेटी मांडीवर उघडली की झाकणात फळी बसे. ओली फळी तशीच खाचेत सरकवायची, पेटी मिटायची, होडीत ठेवायची. मे-जूनमध्ये तिथे काळ्या माश्या आणि डास माणसाला टिकू देत नाहीत. वळिवासारखे ढग बघता बघता बदलतात. चित्र एका बैठकीत संपवावे लागते. हिवाळ्यात टोरंटोला परतून त्यांतली निवडक चित्रे कॅनव्हासवर मोठी करायची. सुमारे चारशे छोटी चित्रे आणि पन्नासच्या आसपास कॅनव्हास, हा त्या मोजक्या वर्षांचा हिशेब.

फळीवरचे काम पाहताना मला ठसे बनवणाऱ्या कंपनीतला माणूस स्पष्ट दिसतो. सूर्यास्ताचे आकाश आहे, म्हणून तो ढगांची मऊ कड गिरवत बसत नाही. चार-पाच रंगांचे तुकडे ठेवतो आणि थांबतो. मध्ये उघड्या लाकडाचा रंग तसाच राहू देतो. कुठे थांबायचे हे ठाऊक असणे ही उघड्यावर चित्र काढणाऱ्याची सर्वांत मोठी गरज, आणि ती त्याच्या हाताला अनेक वर्षांच्या मुदतींनी लावलेली होती.

मोठ्या चित्रांत हे आणखी उघड होते. ‘नॉर्दर्न रिव्हर’ घ्या. 1914–15च्या हिवाळ्यातले, ओटावाच्या नॅशनल गॅलरीतले. पुढे काळ्या झाडांची जाळी, मागे वळण घेत गेलेली नदी, तिच्यात पेटलेला शरद. फांद्या एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की डोळा आधी त्या सपाट जाळीवर फिरतो आणि मग एका फटीतून आत पाण्यावर जातो. या चित्राचा पूर्वाभ्यास टोरंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओमध्ये आहे. तो तैलरंगात नाही, लाकडी फळीवरही नाही. इलस्ट्रेशन बोर्डवर पोस्टर रंगासारख्या अपारदर्शक जलरंगात आणि शाईत केला आहे. जाहिरातीच्या चित्रकाराच्या टेबलावर रोज असते ते सामान. रानातले आपले पहिले मोठे यश गाठताना थॉमसनने हात घातला तो जुन्या टेबलाच्या खणात. नॅशनल गॅलरीने हे चित्र 1915मध्ये 500 डॉलरना घेतले.

‘द जॅक पाइन’ची गोष्टही तशीच. 1916मध्ये अल्गोंक्विनच्या पूर्वेकडच्या ग्रँड लेकवर, वणव्याच्या नोकरीवर असताना काढलेले छोटे चित्र घाईचे, दमट, ढगाळ हवेचे. हिवाळ्यात मोठे करताना त्याने हवामान बदलले. आकाश आणि तळे आडव्या, रुंद, जवळपास समान पट्ट्यांत बांधले. पाइनच्या फांद्या खाली लोंबत्या, काहीशा कोरलेल्या आकाराच्या केल्या. खाली तांबडा थर दिला आणि झाडाच्या व टेकड्यांच्या कडेने तो किंचित दिसू दिला, त्यामुळे निळ्या-जांभळ्या टेकड्यांना आतून ऊब येते. कॅनव्हास जवळपास चौकोनी. लांबून पाहिले तर भित्तिपत्रक म्हणावे इतके स्वच्छ, जवळ गेले तर रंगाचा प्रत्येक फटकारा जाड आणि जिवंत. या दोन अंतरांमधला ताण हेच मला त्या चित्राचे सामर्थ्य वाटते. ते एकाच वेळी सजावट आहे आणि साक्षही आहे.

1913च्या जानेवारीत मॅकडोनल्ड आणि हॅरिस बफेलोला जाऊन स्कँडिनेव्हियन चित्रकारांचे प्रदर्शन पाहून आले होते. बर्फ, पाइन, थंड पाणी यांच्याकडे पाहण्याची तिथल्या चित्रकारांची रीत त्यांना भावली, आणि टोरंटोत तिच्यावर बरीच चर्चा झाली. 1914च्या शरदात जॅक्सन, लिस्मर आणि व्हार्ली अल्गोंक्विनमध्ये थॉमसनसोबत राहिले. जॅक्सनने त्याला रंगाच्या बाबतीत धीट केले. हे ऋण मोठे आहे. मात्र स्कँडिनेव्हियन चित्रांची आणि जॅक्सनची शिकवण थॉमसनला इतक्या लवकर पचली, याचे कारण सपाट रंग आणि ठाम आकार त्याला आधीच येत होते.

रानाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. थॉमसनची चित्रे माणसाचा हात न लागलेल्या निसर्गाची प्रतीके मानली जातात. ते रान अल्गोंक्विन लोकांची जुनी भूमी होती, आणि थॉमसन आला तोवर लाकूड कंपन्यांनी ते अनेक दशके तोडले होते. लाकडाच्या वाहतुकीसाठी घातलेल्या रेल्वेनेच तो कॅनू लेकला पोहोचे. मोवॅट हे एका बुडालेल्या लाकूड कंपनीचे ओसाड पडलेले गाव होते. बंधाऱ्यांनी तळ्यांची पातळी चढली आणि काठची झाडे पाण्यात उभी मेली. थॉमसनने हे लपवले नाही. 1912चे ‘ड्राउन्ड लँड’, 1915चे ‘फायर-स्वेप्ट हिल्स’, ओंडक्यांच्या वाहतुकीचे ‘द ड्राइव्ह’, लाकडी बंधाऱ्यांची आणि घसरपट्ट्यांची छोटी चित्रे. जळलेल्या टेकडीवरचे काळे सोट रंगवताना त्याची काळी रेघ सर्वांत बोलकी होते. मला ही चित्रे त्याच्या सुंदर सूर्यास्तांहून अधिक जवळची वाटतात.

8 जुलै 1917 रोजी थॉमसन कॅनू लेकवर होडीतून निघाला. आठ दिवसांनी त्याचा मृतदेह पाण्यात सापडला. वय 39. अपघात, खून, आत्महत्या यांवर तिकडे पुस्तकेच्या पुस्तके निघाली आहेत, आणि त्यांनी चित्रांवरचे लक्ष बरेच खाल्ले आहे. मला त्यापेक्षा त्याच सप्टेंबरात मित्रांनी काय केले ते महत्त्वाचे वाटते. तळ्याच्या एका टोकावर त्यांनी दगडांचा स्मृतिस्तंभ रचला. त्यावरच्या धातूच्या पाटीचा मजकूर आणि मांडणी मॅकडोनल्डची. होडीने तिथवर जाता येते. ओळींची लांबी, शब्दांमधली जागा, भोवतीची चौकट, सगळे ग्रिपमधल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या हातचे. आपल्या धाकट्या सोबत्यासाठी त्याने आपले सर्वांत सरावाचे काम केले.

मॅकडोनल्डने स्वतः 1911मध्येच नोकरी सोडली होती. तरी अक्षरलेखन आणि पुस्तकांची सजावट त्याने कधी सोडली नाही, आणि पुढे ऑन्टारिओ कॉलेज ऑफ आर्टमध्ये तेच शिकवले. अखेरची वर्षे तो तिथला प्राचार्य होता. ‘द सॉलम लँड’सारखा ऑन्टारिओतल्या अल्गोमाचा विराट देखावा रंगवणारा हाच माणूस.

कारमायकेलची वाट आणखी वेगळी, आणि मला वाटते, आपल्यातल्या बहुतेकांना तीच ओळखीची वाटेल. त्याला घर-संसार होता. थॉमसनसारखे महिनोन्‌महिने रानात राहणे त्याला शक्य नव्हते. 1932मध्ये त्याच कॉलेजात ग्राफिक डिझाइन आणि कमर्शियल आर्टचा प्रमुख होईपर्यंत तो डिझाइनच्या नोकरीतच राहिला. सुट्ट्यांत जॉर्जियन उपसागराच्या उत्तरेला ला क्लॉशच्या टेकड्यांत जाई. त्या टेकड्यांचा पांढरा गारगोटीचा दगड त्याने जलरंगात असा उतरवला की कागदाचा पांढरा हाच दगडाचा उजेड झाला. 1929चे ‘मिरर लेक’ पाहावे. पाण्यातली प्रतिबिंबे घड्या घातल्यासारखी, कडा धारदार, एकही छटा गळालेली नाही. जलरंगाला तेव्हा तैलरंगाच्या पायरीखालचे मानत. 1925मध्ये त्याने ए. जे. कॅसन आणि फ्रेडरिक ब्रिग्डेन यांच्यासोबत कॅनडातल्या जलरंगकारांची संस्था स्थापन केली. तिघेही छपाईच्या व्यवसायातले.

कॅसन हा कारमायकेलचा हाताखालचा शिकाऊ. रूस अँड मॅनमध्ये त्याच्याजवळ शिकला, त्याच्यामागोमाग सॅम्पसन-मॅथ्यूज कंपनीत गेला, आणि 1926मध्ये जॉन्स्टनच्या जागी ग्रुप ऑफ सेव्हनमध्ये आला. त्याने नोकरी सोडली नाही. शनिवार-रविवारी ऑन्टारिओची छोटी गावे रंगवी, सोमवारी कामावर हजर. दुसऱ्या महायुद्धात नॅशनल गॅलरी आणि सॅम्पसन-मॅथ्यूज यांनी मिळून सैनिकांच्या बराकींसाठी कॅनडाच्या चित्रांच्या सिल्कस्क्रीन प्रती काढायला सुरुवात केली. जॅक्सनने त्यासाठी पाठपुरावा केला, आणि कंपनीत हे काम सांभाळणाऱ्यांत कॅसन होता. सिल्कस्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा पडदा करावा लागतो, शाई सपाट पसरते, छटांना वाव कमी. या गटाची चित्रे त्या पद्धतीला सहज मानवली, कारण ती मुळात सपाट शाईत विचार करायला शिकलेल्या माणसांची होती. युद्धानंतर त्या प्रती शाळांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत टांगल्या गेल्या, आणि कॅनडातल्या दोन पिढ्यांना आपल्या देशाचे रान आधी छापील चित्रात भेटले.

कॅसन सॅम्पसन-मॅथ्यूजमधून बाहेर पडला 1950च्या दशकाच्या अखेरीस, साठीच्या उंबरठ्यावर. 1992मध्ये वयाच्या 93व्या वर्षी तो गेला, म्हणजे पूर्णवेळ निसर्गचित्रकार म्हणून त्याच्या वाट्याला तीस वर्षांहून अधिक काळ आला. थॉमसनला आली होती जेमतेम साडेतीन.